तीन मिलिमीटर

एकतीस वर्षं मी पुंता आरेनासच्या छात्या पाहिल्या.
गोदीतले हमाल, मेंढ्या कातरणारे, शाळेतल्या बाई,
सगळ्यांना एकच वाक्य:
श्वास घ्या, रोखा, सोडा.
निवृत्त झालो त्या दिवशी
मुदत संपलेल्या फिल्मचे चार खोके
कुणालाच नको होते म्हणून घरी आणले.
एर्मिंदा म्हणाली, हे आता कुठे ठेवायचं?
मी म्हटलं, कॅमेऱ्यात.
कॅमेरा कुठाय?
तोच तर करायचाय.

एवढ्या फिल्मचा कॅमेरा दुकानात मिळत नाही,
मिळाला तर पेन्शनीला पेलत नाही.
पाहुण्यांच्या खोलीतला कोईवेचा पलंग मोडला.
(दहा वर्षांत पाहुणा आला नव्हता.
मोडल्यावर तिसऱ्याच आठवड्यात
ओसोर्नोहून तिची बहीण आली. जाऊ दे.)
भाता शिवला एक्स-रे खोलीच्या काळ्या पडद्याचा,
घड्यांमध्ये दुधाच्या खोक्यांचा पुठ्ठा.
भिंग काढलं नगरपालिकेच्या मेलेल्या झेरॉक्समधून.
आयुष्यभर त्यानं दाखले पाहिले,
जन्माचे, मृत्यूचे, घरपट्टीचे;
दीड हातापलीकडे जग आहे
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

काचेवर काच, मध्ये कुरुंदाची पूड आणि पाणी,
दोन दुपारी घासत बसलो
तेव्हा कुठे ती दुधाळ झाली
आणि तिच्यावर उतरला आमचा रस्ता
आभाळाला टांगलेला,
शेजारचा बेल्यार्मीनो डोक्यावर चालत पाव आणायला निघालेला.

शटर नाही. शटर म्हणजे माझी लोकरी टोपी.

वारा पडायची वाट पाहण्यात नोव्हेंबर गेला.
इथला वारा पडत नाही. दमतो फक्त,
रात्री नऊला, पंधरा मिनिटं.
तेवढ्यात एर्मिंदाला पत्र्याच्या भिंतीसमोर उभं केलं,
भिंतीपासून दोन पावलं पुढे.
काळ्या फडक्याखाली शिरून
तिच्या उलट्या डोळ्यांवर नेम धरला,
फिल्मची पेटी सरकवली
आणि सवयीनं तोंडातून निघालं:
श्वास घ्या. रोखा.
टोपी काढली. एक, दोन.
टोपी घातली.
ती तशीच उभी.
"सोडा म्हण की," दातांमधून म्हणाली.

तांबड्या दिव्याखाली थाळीत ती सावकाश आली,
केस पांढरे, गाल काळे.
बोट लावलं नाही;
या फिल्मला दोन्ही अंगांना कातडी असते,
नख लागलं की ओरखडा.
सकाळी कागदावर उतरवली.

एर्मिंदा: धुकं.
डोळे साधारण कुठे असावेत एवढाच अंदाज.
आणि मागे पत्रा!
नाळी न् नाळी, गंजाचा ठिपका न् ठिपका,
खिळ्यांच्या माथ्यांवर हातोडीचे वार.
चूक सापडायला तासही लागला नाही.
काचेची चौकट तीन मिलिमीटर मागे बसली होती.
मी बघत होतो तिला,
फिल्म बघत होती भिंतीला.

मी तोंड पाडून बसलो.
तिनं चष्मा लावला, फोटो खिडकीशी नेला
आणि मोजायला लागली. काय, तर खिळे.
"हे बघ. तिसऱ्या पत्र्याची कड, वरून सातवा.
खिळाच नाही.
आठ वर्षं विचारतोयस, जिन्याखाली ओल येते कुठून!"
शिडी आणली. तिनं धरली, मी ठोकला.

चौकट मग पटाशीनं तासली,
पापुद्रा, पापुद्रा, मग पुन्हा मोजणं.
दुसऱ्या फोटोत डोळे आले, पापण्या मोजाव्यात असे.
या फिल्मला तांबडं दिसतच नाही,
म्हणून ओठ काळे,
वाऱ्याउन्हाचे वांग सगळे चव्हाट्यावर.
ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली,
जमलंय तुला. आता हा पेटीत ठेव.

भिंतीवर पहिला लावलाय.
कुणी विचारलं, ही कोण, तर सांगते,
पत्र्याचा फोटो आहे,
मी मध्ये आले.